सीटच्या रॉडवरच्या खाचा

१

औंढ्याला देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर नारळ-प्रसादाची दुकानं संपली, की चाँद पाशाचं सायकलचं दुकान लागतं. दुपारी एकला चाँदचाचा शटर खाली ओढणार, कुलूप लावणार, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकणार, नमाजला जाणार आणि तिथून घरी जेवायला. तीनला परत. दुकानात काम करणारा देविदास समोरच्या लिंबाखाली डबा खाणार आणि बाकड्यावर आडवा होणार. नऊ वर्षं असंच चालू होतं. त्या दोन तासांत बंद दुकानात काही झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. लोखंड आपलं गप उभं राहायचं.

साल दोन हजार सहा. ज्याच्या त्याच्या बुडाखाली मोटारसायकल आली होती. लोक सायकली भंगारात घालून राहिले होते आणि देविदास भंगारातून सायकली काढून आणून राहिला होता. त्या पण कोणत्या, तर लेकरांच्या. बीएमएक्स. बुटका सांगाडा, जाड दातेरी टायर, मडगार्ड नाही, हँडलच्या आडव्या दांडीवर फोमची गादी. नव्वद-ब्याण्णव सालात ज्या पोराकडं ती होती, ते गल्लीत आमदारासारखं हिंडायचं. देविदास आता पंचवीस वर्षांचा होता आणि त्या सायकलीवर बसला की त्याचे गुडघे कानाला लागायचे. पण त्याला चालवायची नव्हतीच. त्याला ती पहिल्यासारखी करायची होती, बस.

चार जमल्या होत्या. एक हट्टा गावात पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर सापडली. पुसेगावात तर एकानं सांगाडा गोठ्याला फाटक म्हणून बसवला होता. देविदासनं त्याला बदल्यात खरं फाटक करून दिलं, तरी तो माणूस अजून सांगत फिरतो की औंढ्याच्या पोरानं मला फसवलं.

पाचवी लाल होती. ती चाचाची, दुकानाच्या आढ्याला हुकात उलटी टांगलेली. तिच्यावर जाळी धरली होती. तिला कुणी हात लावायचं नाही. देविदास दुकानात चालताना तेवढी फरशी सोडून चालायचा, जसं काय वरून काही ठिबकणार आहे.

पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी देविदासचा बाप किसनसिंग तांड्यावरून दुकानात आला. बाप दुकानात कधी येत नसे. पायरीवरच उभा राहिला आणि वर बोट केलं.

"ती खाली काढ. चालती कर."

"काहून?"

"बारा वर्षं झाली. सर्वपित्री अमावस्येला पेम्याचे दिवस घालतो. महाराजाला बोलून आलो."

देविदासनं हातातला पाना खाली ठेवला, मग परत उचलला.

"याडीला सांगितलं?"

"तुझ्या आईला मी आजवर कधी काय सांगू शकलो?" किसनसिंग पायरीकडं बघत म्हणाला. "पळसाच्या पानाचं माणूस करायचं, त्याला अग्नी द्यायचा. आन् त्याची आवडती वस्तू त्याच्याच वयाच्या लेकराला द्यायची. तांड्यावर आठ वर्षांचं पोरगं बघून ठेवलंय."

२

पेमा देविदासचा धाकटा भाऊ. चौऱ्याण्णव साली तो आठ वर्षांचा होता आणि देविदास तेरा. तेव्हा चाचा तीन बीएमएक्स अर्ध्या अर्ध्या तासानं भाड्यानं द्यायचा. लहान-मोठी सगळीच पोरं बसायची म्हणून त्यानं सीटखाली लांब रॉड टाकले होते. आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाची सीट दरवेळी मापायला नको, म्हणून रॉडवर कानशीनं एकेकाची खाच मारून ठेवली होती. पोरगं दारात आलं की चाचा त्याच्या खाचेवर सीट आणून नट आवळायचा. वर्षभरात पोरगं वाढलं की सीट बोटभर वर, आणि रॉडवर जुन्या खाचेच्या बोटभर खाली नवी खाच. पेम्याची खाच सगळ्यात वर, सीटला लागून होती. तिच्याखाली त्याची दुसरी पडलीच नाही.

देविदास तेव्हापासूनच खोडीचा. खोटं बोलताना त्याचं तोंड एवढं गरीब व्हायचं, की मास्तरसुद्धा फसायचे. त्या दिवशी त्यानं पेम्याला सांगितलं, "ओढ्याच्या पुलापलीकडं चाचाचं घड्याळ चालत न्हाई. तिकडं कितीबी फिर, अर्धा तास सरतच न्हाई."

"खरंच?"

"तर. मी एकदा दोन दिवस फिरून आलो. चाचा म्हनला, अजून दहा मिनटं हायेत."

पेमा पुलापलीकडं गेला. संध्याकाळी लाल सायकल हिंगोलीच्या रस्त्याला, मैलाच्या दगडाला टेकवलेली सापडली. नीट टेकवलेली, पायडल दगडावर ठेवून, चाचानं शिकवल्यासारखी. पेमा नव्हता. लोकांनी विहिरी बघितल्या, जत्रा बघितल्या, परभणी-पूर्णेची रेल्वे स्टेशनं बघितली. पोलिसांनी कागद केला.

पुलाची गोष्ट देविदासनं कुणाला सांगितली नाही. आधी भीतीनं, मग उशीर झाला म्हणून, मग फारच उशीर झाला म्हणून.

त्याची याडी, भिकाबाई, तेव्हापासून तांडा सोडून कुठं गेली नव्हती. सख्ख्या भावाच्या मातीलाही गेली नाही. "पेमा आला आन् दाराला कुलूप दिसलं तर," एवढंच म्हणायची. किसनसिंगला वाटायचं, एकदा दिवस घातले की ही मोकळी होईल. त्याचंही चुकत नव्हतं.

३

देविदासनं सायकल खाली काढली तेव्हा चाचा पाठ करून बसला होता आणि पंक्चर नसलेल्या ट्यूबमध्ये पंक्चर शोधत होता.

एकदा हात लागल्यावर मात्र देविदासला चैन पडेना. नट रॉकेलच्या डब्यात भिजत टाकले. जाम झालेला एक्सल ठोकून काढला, आतले गंजके छर्रे फेकून नवे ग्रीसमध्ये बसवले. खालचा मूळचा लाल रंग एका कोपऱ्यात जिवंत सापडला, तो नमुना घेऊन तसाच रंग मिळवला. फोमच्या गाद्या चाचाच्या घरवालीनं, खतीजाबीनं शिवून दिल्या. हँडल आणि सीटचा रॉड क्रोम करायला एसटीनं नांदेडला पाठवले.

रॉड परत आला तो आरशासारखा. पॉलिशवाल्यानं प्रामाणिकपणे सगळ्या खाचा घासून काढल्या होत्या.

चाचानं त्यावरून अंगठा फिरवला. "गाव पुसून टाकलं रे तू," तो म्हणाला.

पण आता काय करणार. त्यानं रॉड बसवला, आठ वर्षांच्या पोराच्या मापानं सीट पार खाली नेली, नट आवळला. अमावस्या धरून अजून बारा दिवस होते. सोमवार होता. एक वाजला, चाचानं कुलूप लावलं.

तीनला शटर उघडलं तेव्हा लाल सायकल जागच्या जागी होती. पण सीट बोटभर वर आली होती. आणि नटाच्या बरोबर वर, कोऱ्या क्रोमवर, एक नवी खाच होती. वाकडी.

खाली फरशीवर चिमूटभर लोखंडाचा भुगा पडला होता. देविदासनं त्याला बोट लावलं. भुगा कोमट होता.

४

पहिला संशय साधा होता. कुणीतरी गंमत करून राहिलंय. आणि गंमत करायला गावात माणसं कमी नव्हती, कारण देविदासनं कुणाला सोडलं नव्हतं. हॉटेलवाल्याच्या पाटीवर त्यानं एकदा 'आज मालक वाढतील, गिऱ्हाईक बसेल' असं लिहून ठेवलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. न्हाव्याला तालुक्याच्या शिक्क्याचं पत्र पाठवलं होतं, की केस कापल्यावर पावती म्हणून थोडे केस गिऱ्हाइकाला परत द्यावेत. न्हाव्यानं तीन दिवस पुड्या बांधल्या. हे लोक आता फेडून राहिले असतील, असं देविदासनं धरलं, आणि त्याला जरा बरंही वाटलं.

मंगळवारी त्यानं स्वतःचं दुसरं कुलूप लावलं. तीनला सीट अजून बोटभर वर. दुसरी खाच. तीही वाकडी.

बुधवारी त्यानं ट्यूबला लावायची पांढरी पावडर फरशीवर सारखी पसरली आणि बाहेर बाकड्यावर झोपायचं सोंग घेऊन पडला. रस्ता तापला होता. प्रसादाच्या दुकानात माशा घोंघावत होत्या. दोनच्या सुमाराला त्याला शटरमागून आवाज आला. किर्र. किर्र. किर्र. सायकल उभी असताना पायडल उलटं फिरवल्यावर होतो तसा.

ही खोड पेम्याची होती. चाचा ओरडायचा, चेन उतरंल म्हणून, आणि पेमा परत उलटं फिरवायचा.

देविदासनं स्वतःला समजावलं. पत्रा तापला की वाजतो. पत्रा तापला की वाजतो, हे खरं आहे. फक्त पत्रा थांबून, श्वास घेऊन, मग परत वाजत नाही.

तीनला आत पावडरीत टायरचा गोल होता. दातेरी, स्वच्छ. मागच्या भिंतीतून निघालेला, दुकानातून फिरून पुन्हा मागच्या भिंतीत गेलेला. भिंतीला टायर लागल्याचा डाग नव्हता. पलीकडं शेजाऱ्याचा पाण्याचा हौद होता, काठोकाठ भरलेला. गोलाच्या मध्ये एका ठिकाणी पाय टेकला होता. एकच. अनवाणी. देविदासनं पाना शेजारी ठेवून मापला. पान्यापेक्षा दोन बोटं लहान.

गुरुवारी पान्याएवढा झाला.

रविवारी त्या पायात चप्पल होती. बुधवारी चप्पल मोठी होती आणि तिचा पट्टा तुटून तारेनं बांधलेला होता, त्या तारेची गाठसुद्धा पावडरीत उमटली होती. देविदास बराच वेळ त्या गाठीजवळ बसून राहिला. भुताची भीती एक वेळ समजते. पण भुताला चप्पल घ्यायला पैसे नाहीत, ह्याचं काय करायचं ते त्याला कळेना.

त्यानं बोटावर हिशेब केला. दिवसाला एक खाच. आठ वर्षांचं पोरगं, वर्षाला बोटभर. दहा खाचा झाल्या होत्या. बारावी खाच बरोबर अमावस्येला पडणार होती.

आणि अमावस्येला चार वाजता बाप पानाच्या माणसाला अग्नी देणार होता.

५

त्यानं चाचाला सगळं सांगितलं. चाचा हसला नाही की घाबरला नाही. चष्मा धोतराच्या टोकानं पुसावा तसा सदऱ्याच्या टोकानं पुसला, सायकल उजेडात ओढली आणि रॉडवरून वरून खाली अंगठा फिरवत गेला.

"ही पहिली. वाकडी. कानस एका हातानं धरली. ही दुसरी, तशीच. ही पाचवी बघ, हितं घसरली. बोटाला लागलं असंल बराबर. ही सातवी, जरा सुधरला. ही नववी." तो थांबला. "नववी मी मारली असती तर अशीच मारली असती."

"म्हंजे?"

"म्हंजे काय. हात बसून राहिला. कोई उस्ताद है उसके ऊपर. रोज शिव्या खाऊन राहिला असंल."

"चाचा, आपण भुताबद्दल बोलून राहिलो."

"तू बोलून राहिला. मी कानशीबद्दल बोलून राहिलो." चाचानं सायकल परत भिंतीला टेकवली. "भुताचं मला काय म्हाईत न्हाई. पण मेलेल्याचा हात सुधरत न्हाई, एवढं तर मला समजतं. चाळीस वर्षं हेच काम केलं ना."

म्हणजे पेमा जिवंत होता. कुठंतरी, कोणत्या तरी गावात, कोणत्या तरी दुकानात.

"मग हितं कसा येतो?" त्यानं विचारलं.

चाचा मागच्या भिंतीकडं बघत राहिला. पोपडे आलेली साधी भिंत. खालच्या कोपऱ्यात एक पाल.

"ते तू त्याला विचार," तो म्हणाला. "मैं एक बजे जाता, तीन बजे आता. ते वेळ मी बदलणार न्हाई. त्याला तकलीफ नको."

६

पानाचं माणूस किसनसिंगनं गुरुवारी संध्याकाळीच बांधलं. तीनशे साठ पानं लागतात, ती मोजून घेतली होती. ओट्यावर ते पडलं होतं, हिरवं, हातपाय असलेलं. लांबी आठ वर्षांच्या पोराएवढी.

भिकाबाई त्याच्याकडं पाठ करून चुलीपुढं बसली होती. जेवताना देविदास बोलायला लागला. आधी खाचा सांगितल्या. मग पावलं. मग, आता तोंड उघडलंच आहे म्हणून, पूल. पेम्याला काय सांगितलं होतं ते शब्दाला शब्द.

चुलीतलं लाकूड तेवढं तडकलं.

"बारा वर्षं हे पोटात ठेवून तू जेवत व्हता?" भिकाबाईनं विचारलं.

"व्हय."

"कसा काय?"

देविदासचं तोंड नेहमीसारखं गरीब झालं होतं, आणि तेच वाईट होतं, कारण किसनसिंग त्या तोंडाकडंच बघत होता.

"ह्या तोंडावर तू न्हाव्याला पुड्या बांधायला लावल्या," बाप म्हणाला. "कानस तुझ्याकडं. पावडर तुझ्याकडं. दुसऱ्या कुलपाची किल्ली तुझ्याकडं. ह्या पोराच्या बोलण्यावर मी दिवस मोडू? ह्याच्याच बोलण्यावर ते लेकरू..." पुढचं तो बोलला नाही. भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि उठला.

"बा, उद्या एक वाजता या. कुलपं तुमी लावा. दोन्ही किल्ल्या तुमच्या खिशात. मी तुमच्या शेजारी बसतो, हात वर करून बसतो."

"आन् काही न्हाई झालं तर?"

"तर चार वाजता मीच काडी लावतो."

हे बोलून गेल्यावर देविदासच्या तोंडातली भाकरीची चव गेली. कारण झालं नाही तर, ह्याचा विचार त्यानं केलाच नव्हता. आणि झालं तर, ह्याचाही.

भिकाबाई उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "सीट आता कुठवर आली?"

त्यानं स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवलं. मग हात जरा वर नेला. भिकाबाईनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला, तिथंच, बराच वेळ.

"उंचीत तुझ्यावरून गेला की तो," ती म्हणाली. मग ओट्यावरच्या पानाच्या माणसाकडं तिनं पहिल्यांदा बघितलं. "आन् हे एवढंसंच काहून केलं?"

७

अमावस्या जुम्म्याला आली. चाचानं शटर ओढलं, आणि किसनसिंगनं दोन्ही कुलपं स्वतः लावली, ओढून बघितली, परत ओढून बघितली. त्याच्या आधी आत जाऊन त्यानं मागची भिंत ठोकली होती, पत्रे मोजले होते, आणि देविदासच्या खिशातली कानस काढून घेतली होती. खिशात कानस होती, हे देविदासच्या बाजूनं फार चांगलं दिसलं नाही.

दोघं शटरला पाठ लावून बसले. समोरून यात्रेकरू जात होते. एक वाजून गेला, दीड झाला. मशिदीतून माणसं बाहेर पडली. किसनसिंगनं बिडी काढली, पेटवली नाही, परत ठेवली. दोन झाले. आत काही नाही. पत्रासुद्धा वाजला नाही.

दोन वीसला देविदासनं शटरला कान लावला. त्याला वाटलं, बारावी खाच पडणार नाही. अकरा वर्षांत कुठंतरी हात सुटला असेल. किंवा पानं बांधली तिथंच संपलं.

"चल," बाप म्हणाला, रागानं नाही. "महाराज येऊन बसला असंल."

तो गुडघ्यावर हात देऊन उठायला लागला, आणि पाठीमागून कानस वाजली.

खस. खस. खस. सावकाश, एकसारखी. घाई नाही, घसरणं नाही. बरोबर सात वेळा. मग कुणीतरी फुंकर मारून भुगा उडवला.

किसनसिंग तसाच अर्धा वाकलेला थांबला.

मग सीटवर वजन पडलं. चांगलं जड वजन, सांगाडा कण्हला. पायडल एकदा उलटं फिरलं, किर्र. मग टायर फरशीवरून निघाले, आणि त्या आवाजात दुसरा एक आवाज होता. बारीक. देविदासला तो आधी चाकाचाच वाटला. चाकं असं हसत नाहीत.

शटरला कमरेच्या उंचीवर एक जुनं भोक होतं, रिबीट निघालेलं. किसनसिंगनं त्याला डोळा लावला. देविदासला त्याची फक्त पाठ दिसत होती. पाठ हलली नाही. शटरवर टेकलेल्या हाताची बोटं तेवढी एकेक करून पसरत गेली, जसं कुणी गरम भाकरीवर हात धरावा.

"बा. बा, मला बघू द्या."

बाप हटला नाही. आत टायर गोल फिरून येत होते. एकदा. दोनदा. देविदासनं शेवटी त्याला खांद्यानं सरकवलं आणि भोकाला डोळा लावला.

आधी अंधार. मग पत्र्याच्या फटीतून पडलेली उन्हाची पट्टी आणि त्यात उडणारी पांढरी पावडर. त्या पट्टीतून एक टाच गेली. मोठ्या माणसाची, भेगा पडलेली, चपलेला तारेची गाठ. तिच्यामागून हँडल धरलेला एक हात, नखांत ग्रीस. आणि त्याच हँडलवर, त्या हाताला चिकटून, अजून एक हात. पेरूएवढा.

सायकल भिंतीकडं गेली. भिंत आली, आणि आवाज थांबला नाही, फक्त लांब गेला, ओढ्याच्या पुलावरून सायकल गेल्यावर जसा लांब जातो तसा.

किसनसिंगनं दोन्ही किल्ल्या पुढं केल्या, कुलपं देविदासनंच उघडली. लाल सायकल भिंतीला नीट टेकवलेली होती, पायडल कडप्प्याच्या तुकड्यावर ठेवून. सीट शेवटच्या टोकाला. बारावी खाच केसासारखी सरळ.

आणि सीटच्या पुढं, आडव्या दांडीवर, कुणीतरी टॉवेलाची चौपदरी घडी घालून ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधली होती. लेकराला बसायला बांधतात तशी.

किसनसिंगनं तिच्यावर तळहात ठेवला. ठेवूनच उभा राहिला. देविदासनंही ठेवला. टॉवेल गरम होता, आणि एका बाजूनं ओला.

"मुतलं," किसनसिंग म्हणाला.

बारा वर्षांत देविदासनं बापाला असं हसताना बघितलं नव्हतं.

८

महाराज तांड्यावर वेळेवर येऊन बसला होता. किसनसिंगनं त्याला चहा पाजला, पाया पडला, आणि काम राहिलं म्हणून सांगितलं. किती दिवस राहिलं, असं महाराजानं विचारलं. "ते आता त्याचं त्याला म्हाईत," असं उत्तर मिळाल्यावर तो जरा बिथरला, पण चहा चांगला होता.

आठ वर्षांचं ते पोरगं अंघोळ करून, भांग पाडून तयार बसलेलं होतं. त्याला देविदासनं पुसेगावची निळी सायकल देऊन टाकली. संध्याकाळपर्यंत ते दोनदा काट्यात पडलं आणि दोन्ही वेळा खूश होतं.

पानाच्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. एवढी चांगली पानं. किसनसिंगनं ओट्यावर बसून त्याच्या गाठी सोडल्या, पाय सोडले, हात सोडले, आणि पानांचा ढीग काड्या टोचणाऱ्या बायकांपुढं सरकवला. महाराजासाठी म्हणून स्वयंपाक झालाच होता. साडेपाचला तांड्यातली पंधरा-वीस माणसं त्याच पानांच्या पत्रावळींवर जेवायला बसली. चाचाला पण निरोप गेला, तो आला.

भिकाबाई वाढत होती. दोघांनी येऊन सगळं सांगितलं, तरी तिनं कुणाला काही विचारलं नव्हतं. पेमा कसा दिसत होता, कुठं असेल, येईल का. देविदास वाट बघत होता, ती त्याला पुलाबद्दल काहीतरी बोलेल. ती त्याच्यापुढं आली, त्याच्या पत्रावळीवर न विचारता दुसरी भाकरी टाकली, आणि पुढं सरकली. किसनसिंगच्या पुढं मात्र थांबली.

"पुढं बसलेलं काय व्हतं?" तिनं विचारलं. "पोरगं का पोरगी?"

किसनसिंगचा घास हातात राहिला. तो खरंच आठवायला लागला. "न्हाई कळलं. डोक्यावर कुंची व्हती."

"कानावरून आलेली?"

"व्हय. हनुवटीखाली गाठ मारलेली."

भिकाबाईच्या हातातल्या पळीतून वरण ठिबकत होतं.

"बरं केलं," ती म्हणाली. "सायकलीवर लई वारं लागतं कानाला."